शीड वेळीच आखडावे

बीड जिल्ह्यातून समुद्र दिसत नाही. जिल्ह्याच्या ठाण्यापासून कोकणकिनाऱ्याचे अंतर सरळ रेषेत मोजले तरी अदमासे तीनशे किलोमीटर भरते; मध्ये अहिल्यानगरचे पठार, भीमेचे खोरे आणि सह्याद्रीची उभी भिंत आडवी येते. तरीही या मुलखातील कास्तकाराच्या साऱ्या वर्षाचा जमाखर्च त्या न दिसणाऱ्या समुद्रावरच मांडलेला असतो. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून निघून, आफ्रिकेच्या पूर्वकिनाऱ्याजवळ वळण घेऊन आणि अरबी समुद्राची वाफ पोटात साठवून नैर्ऋत्येकडून येणारा वारा आपले बहुतेक दान सह्याद्रीवरच रिते करतो, आणि पलीकडच्या पर्जन्यछायेत वसलेल्या बीडच्या वाट्यास वर्षाकाठी सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस येतो, तोही कधी वेळेवर, तर कधी मृग कोरडा दवडून. भाद्रपदात बंगालच्या उपसागरावर कमी दाबाचे क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली म्हणजे येथील माणसे पुन्हा आभाळाकडे पाहू लागतात. समुद्रावर जे घडते त्याचा हिशेब अशा रीतीने माजलगावच्या जलाशयात आणि मांजरेच्या पात्रात उतरत असतो.

हा संबंध केवळ पावसापुरताही नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी वाटाड्या ग्रंथात दक्षिणेतील दोन बाजारपेठांचा उल्लेख सापडतो: एक पैठण आणि दुसरी तगर, म्हणजे आजचे तेर. तेरचे साधे आणि तलम कापड, पैठणचे मौल्यवान खडे गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरास नेले जात आणि तेथून मोसमी वाऱ्याच्या आधाराने सागरापार जात, अशी हकीकत त्यात आहे. नकाशावर तेर आणि पैठण यांना जोडणारी रेषा ओढून पाहिली तर ती आजच्या बीड जिल्ह्यामधून जाते. ज्या पठारावर आज समुद्र ही दूरची वार्ता वाटते, त्या पठाराचा माल दोन हजार वर्षांपूर्वी शिडाच्या जहाजांत चढत होता, आणि त्या जहाजांवरील तांडेलांनी वादळाच्या रात्री कशा काढल्या असतील हा प्रश्न आपल्या पूर्वजांच्या पोटापाण्याशी थेट निगडित होता. लहानशा शिडाच्या नौकेने महासागर ओलांडताना रात्रीच्या वादळास तोंड कसे द्यावे, हा विषय बीडच्या वाचकापुढे ठेवताना म्हणूनच संकोच वाटण्याचे कारण नाही.

अर्वाचीन काळात या विद्येचा मराठी माणसाशी जडलेला सर्वांत ठळक संबंध म्हणजे ‘सागर परिक्रमा’ हा भारतीय नौदलाचा उपक्रम होय. त्याचे संकल्पक व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी. १९७१ च्या युद्धात ‘कामोर्ता’ या युद्धनौकेचे अधिपत्य करून वीरचक्र मिळविलेला हा सेनानी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णी गावी जाऊन राहिला. फलटणचा मुलूखही बीडप्रमाणेच पर्जन्यछायेतला. परंतु त्या कोरड्या माळावर राहूनही आवटींच्या मनातून समुद्र गेला नाही. एकट्या भारतीयाने भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास त्यांनी घेतला, आणि त्याकरिता नौदलातील जो अधिकारी पुढे झाला तो म्हणजे कमांडर दिलीप दोंदे, पाण्याखाली बुडी मारून काम करणाऱ्या पाणबुड्यांच्या शाखेतील एक मराठी अधिकारी. गोव्यात दिवाडी बेटावरील रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात छप्पन फूट लांबीची ‘म्हादेई’ बांधली गेली. २००९ च्या फेब्रुवारीत ती नौदलात दाखल झाली. आणि १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे एकटेच मुंबईहून निघाले. ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटल्टन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ली आणि दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन असे चार मुक्काम करून मे २०१० मध्ये ते मुंबईस परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीला वळसा घालणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांच्या प्रवासात किनाऱ्यावरून साहाय्य करणारे अभिलाष टॉमी पुढे त्याच ‘म्हादेई’तून १ नोव्हेंबर २०१२ रोजी निघाले आणि वाटेत कोठेही न थांबता परिक्रमा पुरी करून ३१ मार्च २०१३ रोजी मुंबईस पोहोचले.

अशा प्रवासाचे काही रूढ दंडक आहेत. विषुववृत्त दोनदा ओलांडले पाहिजे, सर्व रेखावृत्ते पार केली पाहिजेत, कालव्यांतून जाता कामा नये, आणि एकूण अंतर पृथ्वीच्या परिघाइतके म्हणजे किमान २१,६०० सागरी मैल भरले पाहिजे. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि तासाला एक सागरी मैल हा वेग म्हणजे एक नॉट. या दंडकांमुळे नाविकाला दक्षिणेकडील अशा अक्षवृत्तांत उतरावे लागते की जेथे चाळीस अंशांच्या पलीकडे वाऱ्याला अडविणारी भूमी जवळजवळ उरतच नाही. लाटेची उंची तीन गोष्टींवर ठरते: वारा किती जोराचा आहे, तो किती वेळ वाहिला आणि किती अंतराच्या मोकळ्या पाण्यावरून वाहिला. दक्षिण महासागरात या तिन्ही गोष्टींना जवळजवळ मर्यादा नसल्यामुळे तेथे एका वादळाच्या लाटा विरण्याआधीच पाठीमागून दुसरे वादळ येऊन पोहोचते.

वाऱ्याच्या जोराविषयी सामान्य समजुतीत एक मोठी चूक असते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्याचा जोरही दुप्पट होतो असे आपण धरून चालतो; वस्तुतः शिडावर येणारा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वीस नॉटांचा वारा चाळीसवर गेला की दाब चौपट होतो आणि साठवर गेला की नऊपट. साठ नॉट म्हणजे ताशी एकशे अकरा किलोमीटर. मंद वाऱ्यात जे शीड नौकेला सुखाने ओढून नेते तेच शीड अशा वेळी डोलकाठी मोडू शकते. पाण्याचे गणितही असेच ध्यानात घेण्यासारखे आहे. एक घनमीटर खाऱ्या पाण्याचे वजन एक टनाहून थोडे अधिक भरते, आणि फुटणारी मोठी लाट नौकेवर असे कितीतरी टन पाणी एका क्षणात टाकते. मात्र उंच लाट ही स्वतः शत्रू नव्हे. खोल समुद्रात बारा सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटेची एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंतची लांबी सव्वादोनशे मीटरांच्या आसपास असते आणि ती ताशी सदुसष्ट किलोमीटर वेगाने पुढे सरकते. एवढ्या लांबलचक उतारावर सतरा मीटरांची नौका सहज चढते आणि सहज उतरते. भय असते ते लाट अरुंद व उभी होऊन तिचा माथा कोसळू लागतो तेव्हाचे, आणि त्यातही अशी लाट नौकेच्या कुशीवर आडवी आदळते तेव्हाचे.

हे सारे दिवसा घडते तेव्हा निदान दिसते तरी. मागून येणारी लाट कोणत्या बाजूने फुटणार हे सुकाण्याला पाहता येते, ढगाची काळी कड किती दूर आहे याचा अदमास घेता येतो. रात्री, त्यातही अमावास्येच्या आसपासच्या रात्री, डोळ्यांचा कारभार कान आणि कातडीकडे जातो. वादळी ढगाचा झोत जवळ येत असल्याची पहिली खूण म्हणजे क्षितिजाजवळचे तारे एकामागून एक दिसेनासे होणे. त्यानंतर गालाला अकस्मात थंड हवेचा स्पर्श होतो, कारण पावसाबरोबर वरची गार हवा खाली येऊन ढगाच्या पुढे धावत असते. दोरांतून येणारा वाऱ्याचा आवाज एक पट्टी वर चढतो. विषुववृत्ताच्या भागात तर असे झोत रात्रीही वारंवार येतात. वायुभारमापकाचा काटा मात्र या सर्वांच्या फार आधी बोलू लागलेला असतो: तो सावकाश उतरत असेल तर वादळ दूर आहे, तासागणिक झपाट्याने उतरत असेल तर तयारीला उशीर झाला आहे, असे जाणते नाविक समजतात. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले असता कमी दाबाचे केंद्र डाव्या हाताला असते, दक्षिण गोलार्धात उजव्या हाताला. एवढ्या एका नियमावरूनही काळोखात वादळाचा मध्य कोणीकडे आहे आणि आपण कोणीकडे निसटावे याचा निर्णय करता येतो.

समजा, रात्रीचे दोन वाजले आहेत. वारा पंचवीस नॉटांवरून तिसांकडे सरकतो आहे आणि मोठे शीड अद्याप निम्म्याहून अधिक उघडे आहे. एकटा नाविक केबिनमध्ये वीस-तीस मिनिटांची डुलकी घेत होता, कारण एकट्याच्या प्रवासात झोप ही अशी तुकड्यातुकड्यांनीच घ्यावी लागते. नौका कुशीवर अधिक कलल्याचे अंगाला जाणवताच तो उठतो. पांढरा दिवा तो लावत नाही. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर एकदा प्रखर उजेड पडला की दृष्टी पुन्हा सरावण्यास वीस-तीस मिनिटे लागतात, म्हणून कपाळावरचा तांबडा दिवाच पुरेसा. डेकवर पाऊल ठेवण्यापूर्वी तो छातीवरच्या पट्ट्याची कडी नौकेच्या लांबीभर ताणून बांधलेल्या पट्टीत अडकवितो, आणि मगच गुडघे टेकून, एक हात स्वतःसाठी आणि एक हात नौकेसाठी या जुन्या नियमाने, रांगत डोलकाठीपर्यंत जातो. शीड आखडावयाचे, म्हणजे त्याचा पसारा कमी करावयाचा, तर शीड उभे धरणारा दोर बेताने सैल सोडावयाचा, फडफडणारे कापड हाताखाली ओढून घ्यावयाचे, त्याची नवी कड कडीत अडकवावयाची, दोर पुन्हा ताठ करावयाचा, मागचे टोक ताणावयाचे आणि उरलेले कापड बांधावयाचे. दिवसा शांत पाण्यात हे काम काही मिनिटांचे. पण गार पाण्याने बोटे बधिर झालेली असताना, पायाखालची फळी क्षणोक्षणी कलत असताना आणि प्रत्येक दोर केवळ स्पर्शाने ओळखावा लागत असताना त्याला बराच अधिक वेळ लागतो. म्हणूनच प्रत्येक दोराची जागा ठरलेली असते, प्रत्येक गाठ डोळे मिटून बांधण्याचा सराव केलेला असतो आणि बंदरात असतानाच काळोखात ही कवायत पुन्हा पुन्हा केलेली असते.

नाविकांमध्ये एक वहिवाट आहे की शीड आखडावे की काय असा विचार मनात येताच ते आखडून टाकावे. तो विचार दुसऱ्यांदा येईपर्यंत थांबू नये. बीडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. पश्चिमेला ढग दिसताच खळ्यावरची रास झाकून घेणारा आणि थेंब पडू लागल्यावर ताडपत्री शोधायला धावणारा, या दोघांतील फरक त्याने आयुष्यभर पाहिलेला असतो. शीड आखडल्यामुळे नौकेची चाल मंदावते, दिवसाकाठी काही मैल कमी पडतात. परंतु त्या मैलांच्या मोबदल्यात डोलकाठी, सुकाणू आणि नाविकाचा जीव शाबूत राहतो. वादळाशी झुंजणारा वीर हे चित्र लोकांच्या मनात घट्ट बसलेले आहे. समुद्रावर प्रत्यक्ष जी विद्या उपयोगी पडते ती झुंजण्याची नसून वेळेवर नमते घेण्याची, आणि नमते घेऊनही नौकेचा ताबा न सोडण्याची आहे.

नमते घेण्याचेही प्रकार ठरलेले आहेत. पुरेसे मोकळे पाणी समोर असेल तर सारी मोठी शिडे उतरवून, जाड कापडाचे एक लहानसे वादळी शीड चढवून नौका वाऱ्याच्या दिशेनेच पळू द्यावयाची. ती लाटेच्या उतारावर फार वेगाने घसरू लागली तर तिचे नाक पुढच्या लाटेत रुतून ती आडवी वळण्याचे भय असते. यासाठी मागून लांब जाड दोर पाण्यात सोडून देतात, आणि त्यांच्या ओढीने वेग आटोक्यात राहतो व नौकेची पाठ लाटेकडे सरळ राहते. नाविक अतिशय थकला असेल, तर पुढचे शीड उलट्या बाजूस ताणून आणि सुकाणू विरुद्ध दिशेस बांधून नौका जवळजवळ एका जागी डुलत ठेवण्याची दुसरी युक्ती आहे. तिच्यामुळे दोन घास खाण्यास आणि थोडे निजण्यास अवसर मिळतो. आणि या सर्व उपायांखाली मूळ आधार असतो तो नौकेच्या तळाखाली पाण्यात उतरलेल्या जड धातूच्या कीलचा. लाटेने नौका पूर्ण कुशीवर लोळविली, डोलकाठी पाण्याला टेकली, तरी हे वजन तिला पुन्हा उभी करते. अट एवढीच की वरची दारे आणि झरोके घट्ट बंद असले पाहिजेत, म्हणजे पाणी आत शिरत नाही. केबिनमधील प्रत्येक डबा, अवजार आणि बॅटरी बांधून ठेवण्याचा जो कडक बंदोबस्त असतो तो याच क्षणासाठी, कारण नौका उलटली असता आतली सुटी वस्तू बाहेरच्या लाटेइतकीच घातक ठरते.

नाविकाने आपल्या नौकेवर किती काळ भरवसा ठेवावा, याचा एक शोकपूर्ण दाखला इंग्लंडच्या नौकानयनाच्या इतिहासात आहे. १९७९ च्या ऑगस्टमध्ये, आयर्लंडच्या दक्षिणेकडील फास्टनेट खडकाला वळसा घालून परतावयाच्या शर्यतीत ३०३ नौका उतरल्या होत्या. १३ आणि १४ ऑगस्टच्या मधल्या रात्री अपेक्षेहून कितीतरी भयंकर वादळ त्यांच्यावर कोसळले आणि १५ स्पर्धक प्राणास मुकले. चोवीस नौका त्यांच्या खलाशांनी सोडून दिल्या होत्या. वादळ ओसरल्यावर शोध घेतला तेव्हा त्यांपैकी बुडालेल्या निघाल्या त्या केवळ पाच, बाकीच्या माणसांवाचून तरंगतच राहिल्या होत्या. रबरी तराफ्यात उतरलेल्या माणसांपैकी काही मात्र वाचली नाहीत. या घटनेपासून सागरी शिक्षणात एक धडा कायमचा दाखल झाला: नौका पायाखालून खरोखरच जात असेल तेव्हाच तिला सोडावे, त्याआधी नव्हे.

हा धडा अभिलाष टॉमी यांनी २०१८ च्या सप्टेंबरमध्ये आपल्या देहाची किंमत मोजून पाळला. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये ‘सुहेली’ या बत्तीस फुटी नौकेतून एकट्याने न थांबता पहिली पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती ‘सुहेली’ मुंबईत सागवानी लाकडाची बांधलेली होती. तिच्याच नमुन्यावर गोव्यात बांधलेली ‘तुरीया’ घेऊन टॉमी एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करावयाच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले होते. त्या शर्यतीत उपग्रहाच्या आधारे दिशा दाखविणारी आधुनिक साधने वापरण्यास बंदी होती. दक्षिण हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियातील पर्थपासून सुमारे एकोणीसशे सागरी मैलांवर, सत्तर नॉटांच्या वाऱ्याने आणि चौदा मीटरांपर्यंत उठणाऱ्या लाटांनी ‘तुरीया’ला लोळविले, डोलकाठी मोडली आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. बिछान्यातून उठणेही अशक्य असताना त्यांनी लहानशा संदेशयंत्रावरून आपली स्थिती कळविली. डोलकाठी मोडलेली ‘तुरीया’ तरंगत राहिली आणि तिच्या पोटात तेही जिवंत राहिले. आयर्लंडचे ग्रेगोर मॅकगकिन, ज्यांच्या स्वतःच्या नौकेची डोलकाठीही त्याच वादळात गेली होती, ते तशा अवस्थेत तिकडे निघाले. भारतीय नौदलाच्या टेहळणी विमानाने वरून नौका पाहिली. आणि २४ सप्टेंबर रोजी ‘ऑसिरिस’ या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना उचलून घेतले. कण्यात धातूच्या सळ्या बसवून घेतलेला हाच माणूस पुढे २०२२ च्या शर्यतीत पुन्हा उतरला आणि २०२३ मध्ये दुसरा येऊन किनाऱ्याला लागला.

आता बीडसारख्या भूवेष्टित जिल्ह्यातील तरुणांना ज्या प्रवासातून सर्वांत अधिक घेण्यासारखे आहे, त्याकडे वळू. १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून ‘तारिणी’ निघाली, तेव्हा तिच्यावर नौदलातील सहा स्त्री अधिकारी होत्या: नेतृत्व लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांचे, आणि बरोबर प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, विजया देवी, बी. ऐश्वर्या व पायल गुप्ता. यांतील स्वाती तेवढ्या विशाखापट्टणमच्या, म्हणजे समुद्राच्या सान्निध्यात वाढलेल्या. वर्तिका जोशी आणि पायल गुप्ता उत्तराखंडच्या, प्रतिभा जामवाल हिमाचलातील कुलूच्या, विजया देवी मणिपूरच्या आणि ऐश्वर्या हैदराबादच्या. सहांपैकी पाच जणींच्या गावी समुद्र नव्हता. प्रशांत महासागर ओलांडताना त्यांच्या नौकेने साठ नॉटांहून अधिक वेगाचा वारा आणि सात मीटरांपर्यंतच्या लाटा सोसल्या. पुढे सुकाणूच बिघडले म्हणून मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात अनपेक्षित मुक्काम करावा लागला. आणि २१ मे २०१८ रोजी त्या गोव्यास सुखरूप परतल्या. २ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच ‘तारिणी’तून लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी परिक्रमा पूर्ण करून आल्या. ११ सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून तिन्ही सेनादलांतील स्त्री अधिकाऱ्यांना घेऊन ‘त्रिवेणी’ निघाली, तेव्हा तिचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अनुजा वरुडकर या करीत होत्या. समुद्राकाठी जन्म घेतल्यावाचून समुद्र साधत नाही, हा समज या स्त्रियांनी कायमचा मोडून काढला आहे.

तेव्हा ही विद्या वारशाने मिळत नसून शिकविल्याने येते, हे उघड आहे. आणि शिकविण्यासाठी महासागरच दारी असावा लागतो असेही नाही. पुण्याजवळच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील छात्र शिडाची होडी हाकण्याचे पहिले धडे खडकवासल्याच्या जलाशयावर गिरवितात. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेतही असे शिक्षण दिले जाते. बीडच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते, तिच्यावर पैठणला नाथसागराचे विस्तीर्ण पाणी अडविलेले आहे, आणि सिंदफणेवर माजलगावचा जलाशय आहे. या पाण्यांवर वारा वाहतो, लाटा उठतात, अवचित झोतही येतात. आणि काठच्या काही वस्त्यांतील माणसे, त्यांत शाळकरी मुलेही आली, थर्माकोलच्या चप्पूवर बसून, अंगावर तरंगते जाकीट नसताना, हे पाणी ओलांडतात. महासागरावरील नाविक एक पाऊल टाकण्याआधी स्वतःला नौकेशी बांधून घेतो, आणि येथील मूल निराधार फळीवर बसून शाळेस जाते, ही विसंगती आपल्या डोळ्यांना खुपली पाहिजे.

म्हणून या लेखाच्या अखेरीस जिल्ह्यातील शाळा, महाविद्यालये आणि कारभारी मंडळी यांना एक कळकळीची विनंती करावीशी वाटते. प्रत्येक जलाशयाकाठच्या गावात मुलामुलींना पोहणे शिकविण्याची तजवीज करावी. पाण्यात जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर तरंगते जाकीट असावे, हा दंडक कागदावर न ठेवता अमलात आणावा. आणि माजलगाव किंवा पैठण येथे शिडाच्या होड्यांचे एखादे शिक्षणकेंद्र उभे करण्याचा विचार गांभीर्याने सुरू करावा. आभाळ वाचणे, वाऱ्याचा रोख ओळखणे, तयारी आधी करणे आणि वेळ आली असता अभिमान बाजूस ठेवून शीड आखडणे, हे चार गुण ज्याने पाण्यावर कमावले तो माणूस कोठेही गेला तरी उपयोगी पडतो. बीडच्या मुलांमध्ये कष्टाची तयारी आणि संकट सोसण्याची ताकद यांची उणीव कधीच नव्हती. त्यांना पाणी दाखविण्याचे आणि पाण्यावर शिकविण्याचे काम आपण वडीलधाऱ्यांनी हाती घेतले पाहिजे.